पाऊल सरळ पडावे म्हणून
अंगठ्याच्या मुळाशी येणारा उंचवटा, त्यावरील छोट्या छेदाची शस्त्रक्रिया आणि जैन कुटुंबांनी करावयाचा विचार

जैन आचारात पावलाला असलेले स्थान फार मोठे आहे. पुढची चार हात भूमी न्याहाळून, सूक्ष्म जीवालाही बाधा होऊ न देता पाऊल टाकावे, हा ईर्यासमितीचा आदेश श्रमणांच्या दिनचर्येचा पाया आहे. साधू-साध्वींचा विहार अनवाणी होतो. श्रावक-श्राविका शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढतात, मांगीतुंगीचा डोंगर चढतात, बाहुबलीच्या दर्शनाला श्रवणबेळगोळची टेकडी चढतात. परंतु ज्या पावलांवर ही सारी साधना उभी आहे, त्यांची काळजी घरात सर्वांत शेवटी घेतली जाते. गुडघा दुखला तर डॉक्टर गाठला जातो. पाऊल दुखले तर वय झाले असे म्हणून तो विषय मिटवला जातो.

पावलाच्या अशाच एका उपेक्षित विकाराचा हा परिचय आहे. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूस एक टणक उंचवटा येतो, अंगठा हळूहळू दुसऱ्या बोटाकडे कलतो, कालांतराने त्या बोटावर चढतो किंवा त्याच्याखाली शिरतो. पादत्राण घातले की उंचवट्यावर घासते, कातडी लाल होते, सूज येते. घरोघरी याला ‘अंगठ्याचे हाड वाढले’ असे म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ‘बनियन’ हा शब्द असतो आणि शास्त्रीय ग्रंथांत ‘हॅलक्स व्हॅल्गस’ असे नाव आढळते.

हाड वाढलेले नसते, सरकलेले असते

लोकभाषेतील ‘हाड वाढले’ हे वर्णन समजण्यास सोपे असले तरी दिशाभूल करणारे आहे. बहुतेक रुग्णांत नवे हाड फुटलेले नसते. चवड्यात पाच लांब हाडे असतात. त्यांना मेटाटार्सल म्हणतात. त्यांतील पहिले, म्हणजे अंगठ्यामागचे हाड, पावलाच्या आतल्या बाजूस सरकू लागते आणि त्याच वेळी अंगठा उलट दिशेला, करंगळीच्या बाजूस, वळतो. या दोन हाडांच्या सांध्यात जो कोपरा तयार होतो तोच बाहेरून उंचवट्यासारखा दिसतो. केवळ तो उंचवटा तासून टाकला तर वाकलेली रचना तशीच राहते आणि काही काळाने विकार पुन्हा डोके वर काढतो. जुन्या काळच्या अनेक शस्त्रक्रियांच्या अपयशाचे मूळ येथेच होते.

या सांध्याचे काम लहान नाही. सरळ उभे असताना चवड्यावर येणाऱ्या भारात पहिल्या मेटाटार्सलचा वाटा इतर प्रत्येक हाडाच्या सुमारे दुप्पट असतो. त्याच्या खाली मसुराच्या दाण्यासारखी दोन छोटी हाडे असतात आणि भार त्यांच्यावरून जमिनीवर उतरतो. पाऊल उचलताना शेवटचा जोर अंगठाच देतो. भगवान महावीरांना ऋजुवालुका नदीच्या तीरी केवलज्ञान झाले तेव्हा ते गोदोहिका आसनात होते, असे श्वेतांबर परंपरा सांगते. त्या आसनात शरीराचा सारा भार चवड्यांवर असतो. वंदना करताना, खमासमण देताना अंगठे दुमडतात तेव्हाही हाच सांधा वाकतो. तो बिघडला की भार शेजारच्या हाडांवर जातो, चवड्याखाली घट्टे पडतात, दुसरे बोट वाकडे होते आणि तोल सांभाळणे अवघड होऊ लागते. वृद्धांच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे, कारण तोल गेल्याने होणारे पडणे हे केवळ पावलाचे दुखणे राहत नाही.

दोष पादत्राणांचा की वंशाचा?

या विकाराला एकच कारण नाही. सांध्यांची ढिलाई, पावलाची ठेवण आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच आजी, आई आणि मुलगी यांच्या पावलांत हीच ठेवण अनेकदा दिसते. आमवातानेही तो होऊ शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त आहे. विविध देशांतील पाहण्या एकत्र करून 2010 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार 18 ते 65 या वयोगटात सुमारे 23 टक्के, तर 65 वर्षांपुढे सुमारे 36 टक्के लोकांत तो कमी-अधिक प्रमाणात आढळतो.

तरीही पादत्राणे निर्दोष ठरत नाहीत. 1958 साली हाँगकाँगमध्ये पादत्राणे वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या चिनी लोकांच्या पावलांची तुलना झाली. पादत्राणे घालणाऱ्यांत सुमारे 33 टक्के जणांना, तर अनवाणी राहणाऱ्यांत अवघ्या 1.9 टक्के जणांना हा दोष आढळला. इंग्लंडमधील केंब्रिज येथे उत्खननात मिळालेल्या 177 सांगाड्यांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला, तोही बोलका आहे. अकराव्या ते तेराव्या शतकातील सांगाड्यांत हा विकार 6 टक्के होता. चौदाव्या-पंधराव्या शतकात तो 27 टक्क्यांवर गेला. मधल्या काळात तेथे निमुळत्या टोकाच्या जोड्यांची चाल आली होती. खेड्यातील कष्टकऱ्यांत हे प्रमाण सर्वांत कमी, तर शहरातील सुखवस्तू आणि मठवासी लोकांत जास्त होते. एवढेच नव्हे, तर ज्यांच्या पावलांत हा दोष होता अशा पंचेचाळिशीपुढच्या व्यक्तींच्या सांगाड्यांत पडल्यामुळे होणारे अस्थिभंगही अधिक आढळले.

या दोन्ही अभ्यासांतून निघणारा बोध साधा आहे. अनवाणी चालणे हा काही या विकारावरचा उपचार नव्हे, परंतु बोटांना जखडणारे पादत्राण हे त्याला निश्चितच खतपाणी घालते. लग्नसराईत तासन्तास घातलेली उंच टाचेची, टोकदार चपला-सँडल. दुकानात दिवसभर उभे राहताना पायात असलेले अरुंद बूट. वाढत्या वयाच्या मुलींना ‘शोभते’ म्हणून घेऊन दिलेली घट्ट पादत्राणे – यांचा हिशेब पाऊल पुढे अनेक वर्षांनी मांडते.

शस्त्रक्रियेआधी

उंचवटा दिसतो म्हणून लगेच शस्त्रक्रिया करावी, असे जगभरातील पावलांचे तज्ज्ञ सांगत नाहीत. दुखत नसेल तर केवळ पाऊल सुंदर दिसावे म्हणून हाड कापून घेणे शहाणपणाचे नाही. आधी पादत्राण बदलावे : बोटांच्या जागी रुंद, टाच बसकी, वरचा भाग मऊ. चामडे वर्ज्य करणाऱ्या कुटुंबांना कापडी किंवा कृत्रिम धाग्याचे विणलेले, ताणले जाणारे जोडे सोयीचे पडतात. उंचवट्यावर मऊ गादी, चवड्याखाली आधार, सूज असताना शेक किंवा बर्फ आणि पोटरीचे व बोटांचे व्यायाम यांनी अनेकांचे दुखणे आटोक्यात राहते.

मात्र एक भ्रम दूर झाला पाहिजे. रात्री बांधावयाचे पट्टे, बोटांत घालावयाचे रबरी तुकडे यांनी काही काळ आराम वाटतो. प्रौढ व्यक्तीचे सरकलेले हाड त्यांनी कायमचे जागेवर येत नाही. फिनलंडमध्ये 209 रुग्णांवर झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन गट होते : शस्त्रक्रिया, बुटातील आधार आणि नुसती प्रतीक्षा. आधारांनी सुरुवातीचे काही महिने बरे वाटले; वर्षअखेर मात्र शस्त्रक्रिया झालेल्या गटाची स्थिती सर्वांत चांगली होती. योग्य पादत्राण घालूनही रोजचे चालणे दुखरे झाले असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करण्याची वेळ आली असे समजावे.

निर्णयासाठी एक्स-रे लागतो आणि तो उभे राहून, पावलावर भार देऊन काढलेला असावा लागतो. पलंगावर झोपवून काढलेल्या चित्रात विकृती खरी असते त्याहून कमी दिसू शकते. त्या चित्रावर कोन मोजतात. अंगठ्याचा कल 15 अंशांच्या आत आणि पहिल्या दोन मेटाटार्सलमधील कोन सुमारे 9 अंशांच्या आत असणे सामान्य मानले जाते; अंगठ्याचा कल 40 अंशांपुढे गेला की विकार तीव्र समजतात.

मोठ्या छेदापासून छोट्या छेदापर्यंत

या विकारावर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया वर्णिल्या गेल्या आहेत. इतक्या पद्धती आहेत यावरूनच सर्वांना सर्व काळ लागू पडेल अशी एकही नाही, हे उघड होते. रूढ पद्धतीत पावलाच्या आतल्या कडेला काही सेंटिमीटर लांबीचा छेद घेऊन, सांधा उघडून, हाड करवतीने कापून सरळ करतात आणि स्क्रूने जोडतात. ही पद्धत आजही भरवशाची आहे.

छोट्या छेदातून हेच काम करण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील पावलांचे चिकित्सक मॉर्टन पोलोकॉफ यांनी 1940 च्या दशकात तसे प्रयत्न केले. पुढे अमेरिकेत स्टीफन आयशम, स्पेनमध्ये मारियानो दे प्रादो आणि युरोपात बॉश यांनी निरनिराळ्या पद्धती रुजवल्या. परंतु या आरंभीच्या पद्धतींत कापलेले हाड एकतर स्क्रूविना नुसत्या पट्टीच्या आधारे किंवा बाहेर डोकावणाऱ्या तारेने धरून ठेवले जाई. हाड हलण्याचा, वर सरकून वाकडे जुळण्याचा धोका राही. 2007 साली अमेरिकेतील एका शल्यविशारद गटाने अवघ्या 13 रुग्णांनंतर अशी पद्धत सोडून दिल्याचे प्रांजळपणे नोंदवले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या शासकीय मार्गदर्शक संस्थेनेही 2010 साली पुरावा अपुरा असल्याचे सांगून सावधगिरीचा सल्ला दिला.

त्यानंतरचा बदल महत्त्वाचा ठरला. जोएल व्हर्नुआ आणि डेव्हिड रेडफर्न या शल्यविशारदांनी जुन्या खुल्या शस्त्रक्रियेतील पक्क्या जोडणीचे तत्त्व छोट्या छेदाच्या पद्धतीत आणले. तिसऱ्या पिढीची म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत आज अनेक देशांत केली जाते. तिचे काम असे चालते. घोट्याभोवती भुलीचे इंजेक्शन देऊन, गरज पडल्यास सोबत गुंगी देऊन, पाऊल बधिर करतात. तीन ते पाच मिलिमीटरचे चार-पाच छेद घेतात. त्यांतून दंतवैद्याच्या हत्याराची आठवण करून देणारे, परंतु बरेच संथ आणि जोरदार फिरणारे बारीक बर आत घालून हाड कापतात. घर्षणाने हाड व कातडी पोळू नये म्हणून वरून सतत मीठपाण्याची धार सोडतात. हाड डोळ्यांना दिसत नसल्याने सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक हालचाल पाहिली जाते. मग मेटाटार्सलचे टोक बाहेरच्या बाजूस सरकवून दोन स्क्रूंनी पक्के करतात. अंगठ्याच्या हाडातही गरजेप्रमाणे पाचरीएवढा छेद घेऊन ते सरळ करतात. ही युक्ती एकिन नावाच्या शल्यविशारदाने 1925 सालीच सांगितली होती. स्क्रू सहसा कायम आत राहतात. टोचू लागले तरच काढावे लागतात.

छेद छोटा, शस्त्रक्रिया छोटी नव्हे

येथेच विवेक हवा. जाहिरातींत ‘टाक्यांशिवाय’, ‘लेझरने’, ‘दुसऱ्या दिवशी दुकानात’ अशी वाक्ये दिसतात. वास्तव असे की या पद्धतीत हाड कापले जाते, लेझरने नव्हे तर बरने, आणि कापलेले हाड जुळण्यास निसर्ग आपला वेळ घेतोच. तुलनात्मक चाचण्यांतून दिसते ते इतकेच : छोट्या छेदाच्या पद्धतीत आरंभीचे दुखणे कमी असते, व्रण नगण्य राहतो; मात्र वर्षभरानंतरचा परिणाम चांगल्या खुल्या शस्त्रक्रियेइतकाच असतो. लाभ खरा आहे, पण तो मर्यादित आहे.

रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो आणि कडक तळाच्या खास जोड्यात लगेच थोडे चालू शकतो. पहिले दोन आठवडे पाऊल बहुतेक वेळ हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावे लागते. तो खास जोडा सुमारे सहा आठवडे घालावा लागतो. बैठे काम दोन-तीन आठवड्यांत जमते; दिवसभर उभे राहण्याचे काम आणि गाडी चालवणे यांना सहसा सहा आठवडे ते दोन महिने थांबावे लागते. संध्याकाळी येणारी सूज तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ राहते. संसर्ग, अंगठ्याच्या कडेला बधिरता, सांध्याचा ताठरपणा, स्क्रूचा त्रास, हाड न जुळणे, पायात रक्ताची गाठ होणे, विकार उलटणे या गुंतागुंती क्वचित का होईना, होतात. हे तंत्र हाताला बसेपर्यंत शल्यविशारदाला अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागतात. म्हणून ‘ही पद्धत आपण किती रुग्णांवर केली?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. तीव्र विकृती असेल, सांधा झिजलेला असेल किंवा पहिले मेटाटार्सल मुळाशीच ढिले असेल तर दुसरी शस्त्रक्रिया अधिक योग्य ठरू शकते. ‘तुम्हाला छोटा छेद चालणार नाही’ असे सांगणारा डॉक्टर बहुधा प्रामाणिक असतो.

जैन घरांचे काही खास प्रश्न

शाकाहारी आहारात बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता सहज होते आणि तिने पायांना मुंग्या व बधिरता येते. अंगठ्याचे दुखणे आणि नसांचे दुखणे एकत्र असेल तर शस्त्रक्रियेने निम्मेच समाधान मिळेल. म्हणून बी-12 आणि डी जीवनसत्त्वाची तपासणी आधी करून घ्यावी. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणणे, पायातील रक्तप्रवाह आणि संवेदना तपासणे अपरिहार्य आहे. तंबाखू कोणत्याही स्वरूपात असो, ती हाड जुळण्याच्या आड येते.

औषधांबाबत प्रश्न आधीच विचारावेत. अनेक कॅप्सूलांचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. बहुधा त्याऐवजी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मिळू शकते. कॅटगट नावाचा टाक्यांचा धागा प्राण्यांच्या आतड्यांपासून बनतो. कृत्रिम धागे सर्वत्र उपलब्ध आहेत. रक्ताची गाठ टाळण्यासाठी दिले जाणारे हेपरिन आणि एनॉक्सापॅरिन ही इंजेक्शने डुकराच्या आतड्यांपासून मिळवलेली असतात. प्रत्येक रुग्णाला ती लागत नाहीत. लागल्यास कृत्रिमरीत्या बनवलेले फोंडापॅरिनक्स किंवा पोटात घ्यावयाच्या गोळ्या चालतील का, हे डॉक्टरांना विचारता येते. परंतु हा संवाद शस्त्रक्रियेच्या आधी व्हावा. ऐनवेळी औषध नाकारणे किंवा घरच्या घरी बंद करणे जिवावर बेतू शकते. उत्सर्ग आणि अपवाद यांतील विवेक शास्त्रकारांनीच शिकवला आहे.

चौविहार पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवून मागाव्यात. पुष्कळदा ते जमते. हाड जुळत असताना शरीराला प्रथिने व चुना लागतो. डाळी, दूध, दही, पनीर यांची त्या दिवसांत उणीव नसावी. म्हणून पर्युषणाच्या तोंडावर शस्त्रक्रिया आणि लगोलग अठाई, असा बेत आखू नये. तपाची भावना उत्तम आहे. तिच्यासाठी पुढचे वर्ष मोकळे असते. खास जोडा घालावयाच्या सहा आठवड्यांत मंदिरातील दर्शनाऐवजी घरी भावपूजा, जमिनीवरील बैठकीऐवजी खुर्चीवर सामायिक, असा पर्याय स्वीकारावा. यात्रा करावयाची असेल तर शस्त्रक्रिया आणि यात्रा यांत किमान सहा महिन्यांचे अंतर असावे. साधू-साध्वींच्या बाबतीत निर्णय अर्थातच गुरुआज्ञेने होतो. विहार थांबलेला असतो अशा चातुर्मासात विश्रांतीचे आठवडे मिळू शकतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विम्याची बाजूही पाहावी. चोवीस तास दाखल न होता होणाऱ्या शस्त्रक्रियांची तरतूद पॉलिसीत आहे का, हे आधी तपासावे. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात सहसा बसत नाही. म्हणून वेदना, चालण्यातील अडचण आणि आधी केलेले उपाय यांची नोंद डॉक्टरांच्या कागदावर असावी.

घराने वाहावयाचा भार

व्यापारी घरात प्रत्येक खर्चाची नोंद होते. गृहिणीच्या पावलाच्या वेदनेची मात्र कोणत्याच वहीत नोंद नसते. पहाटेच्या पूजेपासून सूर्यास्तापूर्वीच्या जेवणापर्यंत ती ओट्याशी उभी असते. सणासुदीला दुकानाच्या काउंटरशीही असते. यात्रेचा विषय निघाला की ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते’ असे ती म्हणते आणि घरच्यांना तो तिचा त्याग वाटतो. अनेकदा त्यामागे न सांगितलेले दुखणे असते. पादत्राणे पाहिली तरी ते कळते : एका बाजूने फुगलेली, आतल्या कडेने झिजलेली चप्पल खूप काही सांगून जाते.

शस्त्रक्रिया करावयाची की नाही, हा निर्णय जिचे पाऊल आहे तिचा असावा. पण तो निभावणे घराच्या हाती आहे. सहा आठवडे स्वयंपाक कोण करील, जिना कसा टाळता येईल, दुकानातील तिची जागा कोण घेईल, या प्रश्नांची उत्तरे तारीख ठरवण्यापूर्वी मिळाली पाहिजेत. ती मिळाली नाहीत, तर ती दहाव्या दिवशी ओट्याशी उभी राहील, सूज वाढेल, कापलेले हाड हलण्याचा धोका पत्करावा लागेल आणि उत्तम शल्यविशारदाचे कौशल्यही वाया जाईल. अंगठ्याचे हाड सरळ करणे हे डॉक्टरांचे काम. ते जुळेपर्यंत त्या पावलावरचा भार उचलणे हे कुटुंबाचे काम आहे.